बारावीला ७१ टक्के, पहिल्या सेमिस्टरला पाचात चार गेले: पोरगं नेमकं अडतं कुठे?

कोरडवाहू · ९ मार्च

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितोय.

माझा भाचा किनवट तालुक्यातला. दहावीपर्यंत गावची मराठी शाळा, अकरावी-बारावी नांदेडला. बारावीला ७१ टक्के. पुण्याबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला. भाऊजींनी गावात पेढे वाटले. आता पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागलाय. एम-वन (म्हणजे गणिताचा पहिला पेपर), फिजिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रॅमिंग गेले. निघाला तो एकच, तोही काठावर.

रविवारी त्याला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर म्हटलं, आण बघू तुझी एम-वनची वही. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. हजेरी ९४ टक्के. फळ्यावरचं एक चिन्ह सुटलेलं नाही. मी बी.कॉम., बँकेत नोकरी, मला पार्शल डिफरन्सिएशन काय कळणार? म्हटलं, तूच मला समजावून सांग. दोन ओळी सांगितल्यान् आणि तिसऱ्या ओळीत अपूर्णांकांची बेरीज आली. दोन छेद तीन अधिक एक छेद चार. त्याने शांतपणे लिहिलं: तीन छेद सात.

वरचं वर, खालचं खाली.

मी काही बोललो नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याला एवढं कळलं की काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना. खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. या पोराला बारावीच्या गणितात ६४ आहेत.

ते ६४ आले कुठून हा एक प्रश्न. दुसरा जास्त महत्त्वाचा. तुमच्यापैकी जे असे मागे राहून कॉलेजात गेले, त्यांना वर्गात बसून काय वाटायचं? कारण तो सांगत नाही. विचारलं की "चाललंय मामा". "साइड बदला, बीए करा" असले सल्ले कृपया नकोत.

पावभाजी · ९ मार्च

कलचाचणी केली होती का?

(पळतो)

कोरडवाहू · ९ मार्च

पहिलाच प्रतिसाद! दंडवत.

शुभ्रकमळ · ९ मार्च

६४ चं कोडं सोपं आहे. बारावीला गणिताचा लेखी पेपर ८० चा, २० प्रात्यक्षिकाचे. फिजिक्स-केमिस्ट्रीला ७० आणि ३०. प्रात्यक्षिकाचे कॉलेजच्या हातात, ते कुणी कापत नाही. उरलेल्या ८० पैकी पंचेचाळीस मिळवायला ठरावीक प्रकरणं, ठरावीक गणितं पाठ केली आणि पर्यायाचे प्रश्न नीट निवडले की झालं. मी स्वतः हेच केलंय. विकलनाची सूत्रं झोपेत म्हणायचे. ती कशासाठी असतात हे एमबीएला गेल्यावर एका कानडी मैत्रिणीने सांगितलं.

जतची पोर · ९ मार्च

कोरडवाहूदादा, आतून काय वाटायचं ते सांगते. मी जत तालुक्यातली. दहावीला ८९ टक्के, शाळेत पहिली, गावात माझा फ्लेक्स लागला होता. अकरावी सायन्सला सांगलीला गेले. सायन्स म्हणजे सगळं इंग्रजीत, हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पहिल्या बाकावर बसून ऐकणं वेगळं.

मला संवेग येत होता, त्वरण येत होतं, जडत्व येत होतं. न्यूटनचे तिन्ही नियम मी उदाहरणांसकट सांगितले असते. सर बोलत होते मोमेंटम. पुढच्या प्रकरणात मोमेंट आला. मला वाटलं एकच. पहिला महिना मी समजत होते की हे सगळं नवीन आहे आणि मी ढ आहे. संवेग म्हणजेच मोमेंटम, हे कळलं त्या दिवशी हॉस्टेलवर रडले. रागाने. येतच होतं की मला हे!

आणि आता हसा. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला "लेट एक्स बी अ रिअल नंबर". लेट म्हणजे उशीर, एवढंच माझं इंग्रजी. एक्सला उशीर का होतोय ते मला दोन आठवडे कळेना.

विचारलं का नाही? साठ पोरांत उठून "सर, लेट म्हणजे काय?" कोण विचारणार? शाळेत पहिली आलेली मुलगी तर नाहीच.

पावभाजी · ९ मार्च

एक्सला उशीर!!! ऑफिसात चहा नाकातून आला.

बाकी एक्स नेहमीच उशिरा सापडतो, तुमचं फार चुकलं नव्हतं.

मिसरूड · १० मार्च

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. जतच्या ताईंना +१. आमची अजून एक गंमत. लेक्चर कळलं नाही की आम्ही रात्री यूट्यूबवर हिंदीत बघतो. हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि परमाणु म्हणजे ॲटम. आपल्याकडे अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. पहिल्या सेमला केमिस्ट्री होतं, मी अख्खा बाँडिंगचा व्हिडिओ उलटा समजलो. मग वस्तुमान म्हणजे द्रव्यमान, प्रभार म्हणजे आवेश. मराठीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत. परीक्षेत लिहायचं इंग्रजीत. डोक्यात तीन कप्पे आणि तिन्ही अर्धे.

खडूफळा · १० मार्च

धागा वाचून राहवेना. मी एम-वन, एम-टू शिकवतो. खाजगी कॉलेज, बारा वर्षं. फळ्याच्या या बाजूने लिहितो.

आधी प्रवेशाचं. इंजिनिअरिंगला पात्रता म्हणजे बारावीला विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, आणि सीईटी या प्रवेशपरीक्षेत शून्यापेक्षा जास्त गुण. सीईटीत उणे गुण नाहीत, म्हणजे डोळे मिटून पर्याय निवडले तरी शून्याच्या वर काहीतरी पडतंच. नावाजलेल्या कॉलेजांत यामुळे काही फरक पडत नाही, तिथे चढाओढ आहे. आमच्यासारख्या ठिकाणी जागा भरायच्या असतात. त्यामुळे एकाच वर्गात ९७ पर्सेंटाइलची मुलगी, जिचा एका कॉलेजचा कटऑफ जरासा हुकला, आणि कोरडवाहूंचा भाचा शेजारी शेजारी. दोघांना मी त्याच मंगळवारी तोच ऑयलरचा प्रमेय शिकवायचा.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्या आठवड्यात एक चाचणी घ्यायला लागलो. नाव लिहायचं नाही, गुण नाहीत. अपूर्णांक, कंस सोडवणं, उणे चिन्ह, घातांक. सगळं सातवी-आठवीचं. निम्म्याच्या आसपास मुलं कुठे ना कुठे अडकतात. "तीन छेद सात" मला दरवर्षी सात-आठ जण देतात, त्यामुळे मामा, घाबरू नका. करोनाच्या वर्षी दहावीला असलेली मुलं आली तेव्हा आकडा आणखी वर गेला. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नव्हती, निकाल ९९.९५ टक्के. ती पोरं दहावीचं बीजगणित मोबाईलच्या पडद्यावर शिकली, तीही ज्यांच्याकडे मोबाईल होता ती. पण सगळं करोनावर ढकलू नये. असर ही गावोगावच्या शाळकरी मुलांची पाहणी २००५ पासून सांगतेय की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, साधा भागाकार जमत नाही. ती पोरं मोठी होऊन जातात कुठे? कुठे ना कुठे माझ्यासारख्याच्या वर्गात बसतात आणि फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवून घेतात.

वहीबद्दल सांगतो. सुंदर वही ही माझ्यासाठी धोक्याची खूण आहे. ज्याला कळतंय त्याच्या वहीत खाडाखोड असते, समासात प्रश्नचिन्हं असतात, मधल्या दोन पायऱ्या गाळलेल्या असतात. ज्याला कळत नाही तो नक्कल करतो, कारण तेवढं एकच काम त्याला पूर्ण आणि बिनचूक जमतं.

आणि "अडलं तर विचारा" हे आम्हा मास्तरांचं ठेवणीतलं वाक्य. कुठे अडलं हे सांगता यायला बरंच कळावं लागतं. ज्याला काहीच पकडता येत नाही तो काय विचारणार? एका पोराने एकदा स्टाफरूमच्या दारात उभं राहून सांगितलं, "सर, सगळंच". मी हसलो. आजही त्या हसण्याची लाज वाटते, तो पुन्हा आला नाही.

रोखठोक · १० मार्च

कटू वाटेल पण बोलतो. ज्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही त्याला इंजिनिअरिंगला घेणं हा त्या मुलावरच अन्याय आहे. आठवीपर्यंत नापासच न करणारी ढकलगाडी, दहावीला चांगले पाचच विषय धरणारं बेस्ट ऑफ फाइव्ह, कॉलेजला जागा रिकाम्या, म्हणून या, बसा. चार वर्षांनी पूल पडला की मग मेणबत्त्या. दारातच अडवा की!

शुभ्रकमळ · १० मार्च

पूल कॉम्प्युटरवाले बांधत नाहीत हो.

भोसरीकर लेथ · १० मार्च

रोखठोक, ढकलगाडी आली शिक्षण हक्क कायद्याने, २०१० ला. मी दहावी झालो १९९६ ला. तेव्हा चौथीतसुद्धा नापास करायचे. आमच्या वर्गातही अपूर्णांक न येणारे तेवढेच होते, फक्त ते पुढे ऊसतोडीला गेल्यामुळे कुणाला दिसले नाहीत.

रोखठोक · १० मार्च

मग ढकलल्याने काय साधलं? ऊसतोडीऐवजी कर्ज काढून नापास. आणि काही जणांना तर कमी गुणांवर मागच्या दाराने

संपादक मंडळ · १० मार्च

वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. आरक्षणाची चर्चा या धाग्यावर नको, त्यासाठी आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हींना कुलूप आहे.

खडूफळा · १० मार्च

संपादकांचा मान राखून एकच वाक्य. माझ्या बिननावाच्या चाचणीत अडकणारे सगळ्या प्रकारचे असतात. मॅनेजमेंट कोट्यातून, लाखांनी पैसे भरून आलेले त्यात भरपूर.

रसायनीची आई · ११ मार्च

माध्यमाच्या मुद्द्याला थोडी पुस्ती. माझी मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात, सीबीएसई, घरी पुस्तकांचं कपाट. तीही पहिल्या वर्षी दोन विषयांत गेली. तिचं दुखणं वेगळं. दहा वर्षं प्रत्येक विषयाला क्लास. क्लासवाले सर तिला काय वाचायचं, किती वाचायचं, कुठली गणितं सोडवायची सगळं आखून द्यायचे. कॉलेजात पहिल्यांदा कुणी काहीच सांगेना. एकटीने पुस्तक उघडून बसायचं कसं हेच तिला ठाऊक नव्हतं. तेव्हा तयारी नसणं हे फक्त खेड्यातल्यांचं नाही. फरक एवढाच की आम्ही तिला लगेच शिकवणी लावू शकलो आणि घरी कुणी म्हणालं नाही की बस झालं, परत ये.

भोसरीकर लेथ · ११ मार्च

आता माझी कहाणी. दहावीनंतर डिप्लोमा मेकॅनिकल, मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. डिप्लोमावाल्यांना ठाऊक आहे, राक्षसाचं नाव एम-थ्री. बाकीच्या पोरांनी एम-वन, एम-टू केलेलं असतं. आम्ही थेट लाप्लास नावाच्या गणिताच्या तोंडी. वर्कशॉपमध्ये माझा जॉब पहिल्या फटक्यात मापात, ड्रॉइंग हॉलमध्ये मी राजा, अकरावी-बारावीवाले माझ्या शीटभोवती माशांसारखे. एम-थ्रीच्या तासाला तोच राजा शेवटच्या बाकावर.

एम-थ्री चौथ्या खेपेला निघाला. मध्ये एक वर्ष वाया. त्या वर्षात घरी सांगितलं होतं की कॉलेज चालू आहे. रोज डबा घेऊन निघायचो आणि भोसरीत एका शेडमध्ये लेथवर उभा राहायचो. तिथल्या मिस्त्रीने, सातवी पास माणूस, मला टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढताना कोन कसा बसतो ते दाखवलं आणि माझ्या डोक्यात टॅन थीटा पहिल्यांदा शिरला. नववीपासून ते नुसतं तक्त्यातलं पाठांतर होतं.

आज माझी स्वतःची शेड आहे, अकरा माणसं. लाप्लास अजूनही येत नाही. गिऱ्हाइकांनीही कधी विचारला नाही.

पावभाजी · ११ मार्च

लेथभाऊ, तुमच्या शीटभोवती माशा का घोंगावायच्या ते स्पष्ट सांगा की. जीटी!

शुभ्रकमळ · ११ मार्च

जीटी म्हणजे?

पावभाजी · ११ मार्च

अरेरे. ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली बल्ब, खाली मित्राची शीट, वर आपली कोरी. रात्रभर गिरवायचं. आमच्या हॉस्टेलवर काच कुणाच्या खिडकीची हे रेक्टरला शेवटपर्यंत कळलं नाही.

भोसरीकर लेथ · ११ मार्च

माझ्या मूळ शीटवर एका मापाचा बाण चुकून उलटा पडला होता. त्या वर्षी बॅचमधल्या एकवीस शीटवर तो बाण उलटा. सरांनी एकवीसही शीट भिंतीवर ओळीने लावल्या, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत उभे राहिले.

मिसरूड · ११ मार्च

आता ऑटोकॅड आहे. फाइलचं नाव बदलायला विसरतात फक्त.

जुनं खोड · १२ मार्च

मुलांनो, जीटीवरून परत येता का? आमच्या वेळचं सांगतो. १९६८, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, कर्मवीरअण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९४७ ला काढलेलं. मी कमवा आणि शिका योजनेत होतो. पहाटे शेतात काम, मग वर्ग. आमच्यात बरेच जण घरातले पहिलेच शिकणारे. इंग्रजीचा आनंद! पण एक होतं. आम्ही सगळेच तसे होतो. माझ्या शेजारी बसलेल्यालाही येत नव्हतं, त्यामुळे येत नाही याची लाज नव्हती. रात्री कंदिलाभोवती बसून चौघे एक डिक्शनरी वापरायचो. आज तुमचा भाचा साठ जणांत बसतो आणि त्याला वाटतं की उरलेल्या एकोणसाठ जणांना येतंय. माझ्या मते खरं ओझं ते आहे.

(डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाईल बंद सांगितलाय, तरी लिहिलं.)

पॅसिफिककाठची · १२ मार्च

जुनं खोड, साष्टांग.

मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते, तिथला अनुभव खडूफळा सरांना उपयोगी पडेल कदाचित. इथे पूर्वी कच्च्या मुलांना चाचणी घेऊन मागच्या पायरीवर पाठवायचे. आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग मधलं, आणि मग कुठे कॉलेजचं खरं गणित. या पायऱ्यांचे पैसे भरायचे, वेळ द्यायचा, पण पदवीसाठी ते धरले जात नसत. झालं काय, पोरं मधेच गळायची. नापास होऊन तर गळायचीच, पण एक पायरी पास झालेली कित्येक पुढच्या पायरीला नावच नोंदवत नसत. २०१७ ला एबी ७०५ नावाचा कायदा झाला. आता मुलांना शक्यतो सरळ कॉलेजच्या विषयात बसवायचं आणि त्याच आठवड्यात, त्याच विषयाला जोडून, आधाराचा जादा तास द्यायचा. म्हणजे ज्या मंगळवारी फ्रॅक्शन लागणार त्याच्या सोमवारी फ्रॅक्शन.

सगळं गोड नाही. माझे सहकारी कुरकुरतात की काही मुलं आता थेट खोल पाण्यात पडतात, आणि ते अगदी खोटं नाही. पण "तू आधी सातवीत जा" असं एकोणीस वर्षांच्या माणसाला सांगण्याची किंमत मी पाहिली आहे. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतात. वर्गापर्यंत येतच नाहीत.

खडूफळा · १२ मार्च

हे अगदी पटलं. मी चार वर्षांपूर्वी साडेचारला जादा तास सुरू केला. नोटिशीवर लिहिलं "रेमेडियल क्लास". पहिल्या दिवशी तीन जण, त्यातला एक खोली चुकून आलेला. हॉस्टेलवर त्याला ढ वर्ग म्हणतात हे शिपायाने सांगितलं. पुढच्या सत्रात तोच तास, तेच अपूर्णांक, तीच खोली, नाव ठेवलं "ॲडव्हान्स्ड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग". बेचाळीस आले!

मग कळलं की सव्वापाचची बस गेली की गावाकडच्या पोरांना पुढची सातला. ज्यांच्यासाठी तास होता तीच निम्म्यातून उठून जायची, आणि ९७ पर्सेंटाइलवाली शेवटपर्यंत बसायची. आता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घेतो. डबा खात खात. विभागप्रमुखांना वर्गात भाजीचा वास आवडत नाही, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.

रोखठोक · १२ मार्च

खडूफळा सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एका मास्तरच्या डब्याच्या सुट्टीवर व्यवस्था चालत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

खडूफळा · १२ मार्च

या वाक्याशी सहमत. फक्त तुम्ही दार बंद करायला सांगता, मी पगारी माणूस मागतो.

रसायनीची आई · १३ मार्च

मराठीतून इंजिनिअरिंगचं काय झालं? २०२१ ला पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजात कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरू झाली तेव्हा बातम्या आल्या होत्या.

मिसरूड · १३ मार्च

आमच्या ग्रुपमध्ये यावर भांडणं होतात. मला विचाराल तर परीक्षा इंग्रजीत असली तरी चालेल, समजावणं मराठीत हवं. आमचे प्रोग्रॅमिंगचे सर वर्गात इंग्रजी वाचून दाखवतात आणि बाहेर टपरीवर तोच लूप मराठीत समजावतात. "पिशवीतले बटाटे एकेक करून बाहेर काढ, पिशवी रिकामी झाली की थांब." टपरीवर कळतो. हा तास वर्गात का नाही?

कोरडवाहूकाका, अजून एक सांगतो, कुणी बोलत नाही म्हणून. पहिल्या वर्षी मला विषयांपेक्षा शब्दांची भीती जास्त वाटायची, म्हणजे कॉलेजच्या शब्दांची. सबमिशन, टर्म वर्क, डिफॉल्टर, बोनाफाइड, ओरल. सगळ्यांना ते घरून येतात असं वाटायचं. हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं तेव्हा मला वाटलं पोलीस येणार. बाबांना फोन करून सांगितलं नाही, कारण बाबांना काय सांगू, तो शब्द मलाच कळला नव्हता. तुमच्या भाच्याची ९४ टक्के हजेरी बहुतेक त्या भीतीचीच आहे.

जतची पोर · १३ मार्च

मिसरूड, हे वाचून पोटात कालवलं.

दादा, मी काय केलं ते सांगते, सल्ला म्हणून नाही. केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानापासून उलटी यादी सुरू केली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे शाळेतला मराठी शब्द. पुढून केमिस्ट्री, मागून यादी. मार्चमध्ये दोन्ही मध्यावर भेटल्या. अकरावीला ५१ टक्के पडले, बारावीला ७८. आता औषधं तयार करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे.

कोरडवाहू · ३ एप्रिल

उशिरा उत्तर देतोय, मार्चअखेर म्हणजे आम्हा बँकवाल्यांचं बाळंतपण.

तीन आठवड्यांत काय झालं ते सांगतो. बालभारतीच्या साइटवर जुनी पुस्तकं फुकट मिळतात. सहावी-सातवीची गणितं छापून आणली. भाचा म्हणाला, कॉटवर नको मामा, रूममधली पोरं बघतील. मग आम्ही त्या पानांना एम-वनच्या गाइडाचं कव्हर घातलं. पार्टनर समजतात पठ्ठ्या रात्री एकपर्यंत एम-वन करतोय. रविवारी माझ्याकडे येतो. मसावि-लसावि झाला. लसावि कशाला काढायचा हे त्याला कळलं तेव्हा म्हणाला, "एवढंच होतं?" आणि बराच वेळ गप्प बसला. मला वाटलं आनंद झाला असेल. तो आनंद नव्हता. सहावीत त्याच्या शाळेत दोन शिक्षक होते चार वर्गांना, आणि त्या वर्षी एक निवडणुकीच्या आणि कसल्या कसल्या कामावर. बस.

सगळं छान चाललंय असं नाही. चार विषयांची परीक्षा फी भरली. भाऊजी म्हणतात, एवढा खर्च करून पोरगा सहावीचं गणित करतोय होय, मग इथे शेतात काय वाईट होतं. ताई फोनवर काही बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. मेमध्ये चारपैकी किती निघतील? मला विचाराल तर एक. फार तर दोन. एवढ्या महिन्यात दहा वर्षं भरून निघत नाहीत.

भोसरीकर लेथ · ३ एप्रिल

मामा, सुट्टीत पाठवा माझ्याकडे शेडवर. पगार देईन. राहायची सोय आहे, जेवण डब्याचं. टॅन थीटाची हमी.

खडूफळा · ३ एप्रिल

प्रोग्रॅमिंग आधी काढायला सांगा. त्यात अपूर्णांक कमी लागतात, आणि एक विषय निघाला की पोरं मान वर करून चालायला लागतात. बटाट्यांचा लूप त्याला सांगा, मीही उद्यापासून वर्गात वापरणार आहे.

कोरडवाहू · ४ एप्रिल

लेथभाऊ, नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवा. सर, आभार.

एक राहिलं. काल रात्री हा धागा मी त्याला वाचायला दिला. "तीन छेद सात"पाशी कान लाल झाले, पण पुढे वाचत राहिला. जतच्या ताईंचा एक्सला उशीर झाल्याचा किस्सा आला तेव्हा मी त्याच्याकडे बघत होतो, म्हटलं आता हसेल. हसला नाही. दोनदा वाचला. मग म्हणाला, "मामा, मग लेट म्हणजे काय?"

बारावीत वाक्यं वाचायचीच नसतात म्हणे, आकडे उचलायचे.

मलाही धड सांगता आलं नाही.

जतची पोर · ४ एप्रिल

त्याला सांगा, समजा. लेट एक्स म्हणजे "समजा एक्स". आपल्या शाळेच्या पुस्तकात "मानू" असायचं, तेच.

त्याच्या खालीच "सच दॅट" येतं, तिथे पुन्हा अडेल. थांबा, माझी ती केमिस्ट्रीची वही माहेरी माळ्यावर असेल, आईला शोधायला सांगते आणि मागच्या पानांचे फोटो टाकते.